जुन्या घरात स्वतःच्या हातानं होम ऑटोमेशन: बेळगाव भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर आजोबांच्या वेळचं. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं आणि परड्याच्या टोकाला न्हाणीघर. भिंती दीड फूट रुंद, माळा लाकडी, वर मंगळोरी कौलं. चार वर्षांपूर्वी या घरात मी ऑटोमेशन बसवायला घेतलं. तेव्हापासून पैपाहुणे, ओळखीपाळखीचे, खानापूर-निपाणीकडचे लोक तेच तेच प्रश्न विचारतात. नव्या फ्लॅटबद्दलची माहिती पोत्यानं मिळते, पण मातीच्या भिंतीच्या घरात हे कसं करायचं ते कुणी सांगत नाही. म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. मॉड्यूल (म्हणजे बटणामागं बसून फोनवरून दिवा-पंखा चालू-बंद करणारा छोटा डबा) निवडणं, प्रोग्रॅम करणं, सेन्सर कुठं लावायचा ते ठरवणं हे आपलं काम. २३० व्होल्टच्या तारा सोडवणं, जोडणं, तपासणं हे लायसन्सवाल्या वायरमनचं काम. माझ्या घरी आजही असंच चालतं.

घर सत्तर वर्षांचं आहे. त्यात हे बसेल का?

बसेल, आणि काही बाबतींत नव्या घरापेक्षा सोपं जाईल. नव्या घरात तारा भिंतीत पुरलेल्या असतात आणि स्विचमागचा लोखंडी डबा इतका उथळ असतो की मॉड्यूल आत कोंबावं लागतं. जुन्या घरात बोर्ड भिंतीच्या बाहेर असतो, लाकडी पेटीसारखा, आत ऐसपैस जागा. तारा बॅटनवरून किंवा लाकडी केसिंगमधून दिसतील अशा गेलेल्या असतात. माळ्यावर चढलात की घराचं अर्धं वायरिंग डोळ्यांसमोर येतं. नवी तार ओढायला भिंत फोडावी लागत नाही.

अडचण आहे ती त्या तारांच्या वयाची, त्यामुळे सुरुवात तिथूनच करायची.

मग आधी काय तपासायचं?

वायरिंग. मॉड्यूलची ऑर्डर त्यानंतर द्या. मी उलट केलं होतं आणि आलेली खोकी तीन महिने कपाटात पडून राहिली.

माजघरातला बोर्ड आम्ही उघडला तो दिवस मला अजून आठवतो. वायरमनमामांनी मेन काढला, टेस्टर लावून खात्री केली आणि चार स्क्रू सैल करून सागवानी फळी पुढं ओढली. आत काळ्या रबराच्या, वरून सुती विणीच्या तारा. मामांनी एक तार दोन बोटांत धरून जराशी वाकवली तर रबर बिस्किटासारखं तुटून खाली पडलं, आतली तांब्याची तार उघडी. एका कोपऱ्यात वाळलेली पाल दोन स्क्रूंच्या मध्ये चिकटलेली. "इतकी वर्षं ह्याच्यावर फॅन फिरत होता बघा," मामा म्हणाले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

अशी तार असेल तर ऑटोमेशनचा विचार बाजूला ठेवून आधी वायरिंग बदला. दिव्या-पंख्यांना किमान १.५ चौरस मिलिमीटर, प्लगना २.५ आणि गीझरला ४ ची तांब्याची तार घाला. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'तीन-बावीस', 'एक-अठरा' ही मापं आहेत. दुकानात चौरस मिलिमीटरमध्येच मागा आणि आयएसआय मार्क बघा. काही घरांत मधल्या काळातली ॲल्युमिनियमची तार आहे. ती तांब्याच्या तारेला नुसती पिळून जोडली की सांधा गंजतो, तापतो, आणि आग लागते ती त्याच सांध्यातून.

तार वरून बरी दिसत असली तरी ५०० व्होल्टच्या मेगरनं इन्सुलेशन तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर ती लाईन वापरू नका. ही तपासणी शक्य असेल तर पावसाळ्यात करा. एप्रिलमध्ये ठणठणीत दिसणारी लाईन जुलैच्या ओलीत वेगळंच सांगते.

पोर्सेलिनचे किटकॅट फ्यूज काढून एमसीबी (जास्त प्रवाह गेला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (वीज बाहेर गळली की पडणारा स्विच) बसवा. सगळ्या खर्चात आरसीसीबी हीच एक वस्तू माणसाचा जीव वाचवते. बाकीचं सगळं सोयीसाठी.

आरसीसीबी बसवली, पण सारखी पडते. काढून टाकू का?

काढू नका. ती पडते म्हणजे काहीतरी सांगते आहे.

आपल्याकडे वाटणी झालेली घरं भरपूर. एका घराची दोन-तीन झाली, मीटर वेगळे झाले, पण माळ्यावरची न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) अजून एकत्रच. तुमच्या दिव्याचा फेज (वीज आणणारी तार) तुमच्या मीटरमधून येतो आणि न्यूट्रल काकांच्या बाजूनं परत जातो. आरसीसीबी जाणारा आणि येणारा प्रवाह ताडून बघते. दोन्हींत ३० मिलिॲम्पियरचा फरक पडायच्या आत ती लाईन तोडते. म्हणून मीटर वेगळे झालेल्या घरात न्यूट्रलही मुळापासून वेगळ्या करून घ्याव्या लागतात. त्यासाठी शेजारच्या भावबंदांशी बसून बोला, दोन्हीकडचे मेन एकाच वेळी काढा. आमच्याकडे हे काम एका रविवारी, दोन्ही घरची माणसं हजर असताना झालं.

दुसरं कारण म्हणजे पावसात भिजलेला बाहेरचा दिवा किंवा गीझरची जुनी कॉइल. एकेक एमसीबी खाली पाडत गेलात की दोषी लाईन सापडते.

घराला अर्थिंगच नाही. चालेल का?

नाही चालणार. जुन्या घरात दोन पिनांचेच प्लग होते, अर्थिंगची तारच आलेली नसते. परड्यात खड्डा घेऊन रीतसर अर्थिंग करा आणि आकडा मोजून घ्या. ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. खानापूरकडं जांभ्याची जमीन आहे. ती उन्हाळ्यात कोरडी पडली की हा आकडा वाढतो. त्यामुळे अर्थिंगच्या नळीत मार्च ते मे अधूनमधून पाणी ओतायची सवय ठेवा.

नळाच्या पाइपला किंवा न्यूट्रललाच अर्थिंगची तार जोडून मोकळं होणारे लोक मी पाहिलेत. न्यूट्रल कुठं तुटली तर फ्रिजच्या, गीझरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. हे कुणी सुचवलं तर त्याला काम देऊ नका.

स्विचबोर्डात न्यूट्रल नसते म्हणतात. मग मॉड्यूल कसं जोडायचं?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वायफाय किंवा झिग्बीचं (वायफायसारखीच, पण फार कमी वीज खाणारी बिनतारी पद्धत) मॉड्यूल स्वतः जिवंत राहण्यासाठी सतत थोडी वीज खातं. त्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. साध्या बटणाला मात्र फेज येतो आणि दिव्याकडे जाणारी तार निघते, एवढंच. न्यूट्रल वर जंक्शनमधून थेट होल्डरला गेलेली असते. "खाली न्यूट्रल आणून कोण तार वाया घालवणार?" मामांच्या या एका वाक्यात तेव्हाच्या वायरिंगचा सगळा हिशोब आला.

पण आपल्या बोर्डांची एक जमेची बाजू आहे. ज्या बोर्डावर प्लगची जागा आहे तिथं न्यूट्रल आलेलीच असते, नाहीतर प्लग चालला नसता. आपल्याकडे एकाच बोर्डावर दोन दिवे, पंखा आणि प्लग अशी मांडणी असते. म्हणजे माजघर, सोपा, स्वयंपाकघर इथले मुख्य बोर्ड बहुतेक तयारच सापडतील. चार रिलेचं (रिले म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा छोटा स्विच) एक मॉड्यूल अख्ख्या बोर्डाला पुरतं.

न्यूट्रल नसते ती जिन्याजवळच्या, न्हाणीघराबाहेरच्या एकट्या बटणांत. तिथं माझी पहिली पसंती मॉड्यूल वर, दिव्याजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये बसवण्याला. तिथं फेज, न्यूट्रल दोन्ही असतात. खालचं बटण मॉड्यूलच्या स्विच इनपुटला जोडायचं, म्हणजे बटणानंही दिवा लागतो आणि फोननंही. ते जमत नसेल तर माळ्यावरून न्यूट्रल खाली ओढा. 'न्यूट्रल नको' म्हणणारी मॉड्यूलही मिळतात. ती दिव्यातूनच चोरटा प्रवाह ओढून जगतात. त्यामुळे छोटे एलईडी दिवे बंद असतानाही लुकलुकतात आणि दिव्याला समांतर कपॅसिटर लावावा लागतो. मी एक लावलं आणि काढलं.

अजून एक तपासा. जुन्या घरात बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये लावलेलं सापडतं. बटण बंद, तरी होल्डर जिवंत. दिवा बदलताना शॉक बसतो तो यामुळेच. मॉड्यूल बसवण्याआधी हे उलटं जोडकाम सुलटं करून घ्यायचं.

आणि लाकडी पेटी कितीही देखणी असली तरी आत रिले असताना ती ठेवू नका. आग न धरणाऱ्या पीव्हीसीचा बोर्ड घाला. आमची सागवानी फळी मी जपून ठेवली आहे, आता तिच्यावर किल्ल्या अडकवतो.

दीड फुटाच्या भिंतीतून वायफाय जातं का?

सरळ जात नाही. सोप्यातल्या राऊटरचा सिग्नल माजघरात येईपर्यंत दमतो आणि परड्यात मरतो. बहुतेक स्वस्त मॉड्यूल २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. ही लहर ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंत बरी ओलांडते, पण दगडमातीच्या दोन-तीन भिंती तिलाही जड जातात.

उपाय मला माळ्यावर सापडला. लाकडी फळ्या आणि कौलं यांतून सिग्नल भिंतीपेक्षा कितीतरी सहज जातो. सोप्यातून लॅन केबल माळ्यावर नेली, माजघराच्या वर मध्यभागी एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) टांगला, आणि तिथून खाली चारही खोल्यांत सिग्नल उतरला. एरवी आडव्या भिंती फोडत बसलो असतो.

सेन्सरसाठी झिग्बी घ्या, असं माझं मत. बटण-सेलवर वर्ष-दोन वर्षं चालतं, आणि कायम विजेवर असलेलं प्रत्येक झिग्बी उपकरण पुढच्या उपकरणाला निरोप पोचवतं. माजघरात एक, स्वयंपाकघरात एक असे झिग्बी प्लग ठेवलेत की भिंतीला वळसा घालून निरोप न्हाणीघरापर्यंत जातो. निरोप पोचवायला झिग्बी बल्बवर भरवसा ठेवू नका. घरातलं कुणीतरी बटण बंद करतं आणि साखळी तुटते.

झिग्बीही २.४ गिगाहर्ट्झवरच असल्यानं वायफायशी टक्कर होते. वायफाय चॅनल १ वर ठेवलंत तर झिग्बी २० किंवा २५ वर ठेवा. संगणकाला झिग्बी जोडणारा डोंगल थेट यूएसबी ३ च्या पोर्टात खोचू नका, हातभर एक्स्टेन्शन वायरनं लांब ठेवा. एवढ्यानंच माझी निम्मी तुटातूट थांबली.

परदेशातून कुणी येत असेल तर झेड-वेव्हचं (झिग्बीसारखीच दुसरी बिनतारी पद्धत) सामान मागवू नका. त्याची फ्रिक्वेन्सी देशागणिक वेगळी असते, भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासची. अमेरिका-युरोपची उपकरणं इथं जुळत नाहीत.

लाईट गेली, इंटरनेट गेलं तर घर अडकून पडतं का?

जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं राहणाऱ्यांचा हाच पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. परदेशातल्या सर्व्हरला विचारून घरातला दिवा लावणारी यंत्रणा आपल्या कामाची नाही.

मी होम असिस्टंट वापरतो. २०१३ साली पाउलस स्काउट्सेन यांनी सुरू केलेली ही मुक्त प्रणाली आहे, फुकट आहे, आणि घरातल्याच छोट्या संगणकावर चालते. रास्पबेरी पाय असेल तर उत्तम, जुना लॅपटॉप असेल तरी चालतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हा आपल्याकडे मोठाच फायदा. मॉड्यूलवर टास्मोटा किंवा ईएसपीहोम हे मुक्त सॉफ्टवेअर घातलं की कंपनीच्या ॲपची गरज उरत नाही. इंटरनेट बंद असलं तरी घरातल्या घरात सगळं चालतं.

रास्पबेरी पाय मेमरी कार्डवर चालवत असाल तर लाईट जाण्या-येण्यानं कार्ड बिघडतं. एसएसडी (कार्डापेक्षा टिकाऊ डिस्क) लावा आणि आठवड्याला एक बॅकअप दुसरीकडे ठेवा. राऊटर आणि रास्पबेरी पाय इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या.

सेटिंगमध्ये एक गोष्ट न चुकता करा. वीज परत आल्यावर रिले कुठल्या स्थितीत यावी, हे प्रत्येक मॉड्यूलला सांगावं लागतं. मोटर आणि गीझर यांना 'बंद'च सांगा. रात्री दोनला लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू झाली आणि घरातलं कुणी जागं नाही, असं व्हायला नको.

पाण्याची मोटर आपोआप चालवायची आहे. कशी?

बेळगावात राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी येतं. काही प्रभागांत ते चोवीस तास असतं, बाकीच्यांना पाळीच्या दिवसाची वाट बघावी लागते. पाळीचं पाणी खालच्या टाकीत, तिथून मोटरीनं वर. कुणाकडे जोडीला परड्यातली विहीर. हे काम आपोआप व्हावं असं प्रत्येक घराला वाटतं, आणि चुका सर्वांत जास्त इथंच होतात.

माझीच चूक सांगतो. १० ॲम्पियर लिहिलेली छोटी रिले मी थेट १ एचपीच्या मोटरला लावली. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, आकडा तर बसतो, असं वाटलं. पण रिलेवर लिहिलेले १० ॲम्पियर हीटर-बल्बसारख्या साध्या भाराचे असतात. मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि दर वेळी रिलेच्या आतल्या टिकल्यांवर ठिणगी पडते. दीड महिन्यात त्या टिकल्या एकमेकींना चिकटल्या. फोनवर 'बंद' दिसत होतं आणि मोटर चालू होती. टाकी भरून वाहिली. ते पाणी रात्रभर शेजारच्यांच्या मातीच्या भिंतीवर पडत राहिलं. सकाळी भिंतीचा हातभर पोपडा खाली. शेजारच्या काकूंनी एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. भिंत आम्ही लिंपून दिली.

आता रचना अशी आहे. छोटी रिले फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसारख्या जड भारासाठीचा दणकट स्विच) कॉइल चालवते, मोटरचा प्रवाह कॉन्टॅक्टरमधून जातो, जोडीला भार जास्त झाला की तोडणारी ओव्हरलोड रिले. वरच्या टाकीत साधा तरंगता फ्लोट स्विच कॉइलच्या मालिकेत थेट तारेनं जोडला आहे. टाकी भरली की तो तोडतो. मग प्रोग्रॅम अडकला असो, वायफाय गेलं असो किंवा संगणक बंद असो. प्रोग्रॅममध्ये वेगळी कमाल वेळही आहे, आमच्या टाकीला २५ मिनिटं. त्यापुढं मोटर चालत नाही. तिसरं, मोटर किती वीज ओढते ते मोजतो. विहिरीचं किंवा खालच्या टाकीचं पाणी संपलं की मोटर कोरडी फिरते आणि तिची वीज एकदम उतरते. तो आकडा दिसला की दहा सेकंदांत बंद.

पातळी मोजायला अल्ट्रासॉनिक सेन्सर लोक लावतात. झाकणाच्या आत वाफ धरते आणि थेंब सेन्सरवर बसून आकडे भरकटतात. शिवाय सेन्सरच्या तोंडापासूनचं पहिलं २०-२५ सेंटीमीटर अंतर त्याला दिसतच नाही. पातळी बघायला ठेवा, पण मोटर थांबवायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका.

बोअरची सबमर्सिबल असेल तर तिच्या स्टार्टर पॅनलमध्ये कपॅसिटर असतात, सुरू-बंदची वेगळी बटणं असतात. तिथं वायरमनशिवाय हात घालू नका.

पंख्याचा वेग फोनवरून बदलता येईल का?

जुना पंखा आणि त्याचा डबडा रेग्युलेटर ठेवून नुसती चालू-बंदची रिले लावा, वेग हातानं बदला. दिव्याचा डिमर पंख्याला कधीच लावू नका, मोटर घुमते आणि तापते. खरंच वेग बदलायचा असेल तर रिमोटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा घ्या. साधारण ३० वॅटवर चालतो. जुना ७५ च्या घरात घेतो.

वीजबिलावर किती भार पडतो? गृहज्योतीचं काय?

हे विचारणारे थोडे आहेत, पण हिशोब प्रत्येकानं करावा. वायफायचं मॉड्यूल दिवा बंद असतानाही अर्धा ते एक वॅट खातं. २० मॉड्यूल, प्रत्येकी १ वॅट धरलं तर महिन्याला १४.४ युनिट. ५ वॅटचा रास्पबेरी पाय धरला तर आणखी ३.६. म्हणजे काहीही न लावता १८ युनिट.

२०२३ पासून कर्नाटकात गृहज्योती ही घरगुती मोफत विजेची सरकारी योजना आहे. २०२२-२३ च्या सरासरी वापरावर १० टक्के वाढ धरून हक्काचे युनिट ठरले, आणि महिन्याला २०० ओलांडले की सगळंच बिल भरावं लागतं. १८५-१९० ला टेकणाऱ्या घरात हे १८ युनिट जड पडतात. म्हणून दिसेल त्या बटणामागं मॉड्यूल घालू नका. आमच्या घरात एकूण नऊच आहेत.

उलट बाजूनं, मोजमाप फार उपयोगी पडतं. पीझेडईएम-००४टी हे स्वस्त मापक मेन स्विचच्या आपल्या बाजूला बसवलं, तारेभोवती त्याची कडी अडकवली, की महिन्याचा चालू आकडा रोज दिसतो. १५० झाले की आईच्या फोनवर निरोप जातो. पाण्याचा गीझर किती खातो ते तिला पहिल्यांदा आकड्यात दिसलं आणि बंबाला पुन्हा दिवस आले. मीटरला, त्याच्या सीलला आणि मीटरपर्यंत येणाऱ्या तारांना मात्र बोटही लावायचं नाही.

वळवाच्या पावसात वीज पडते, तेव्हा काय?

एप्रिल-मेमधला वळीव ही आपल्याकडची मोठी परीक्षा. मेन बोर्डवर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणारा) बसवा, पण तो अर्थिंगशिवाय शोभेचाच. घरापासून परड्यातल्या खोलीपर्यंत उघड्यावरून तांब्याची लॅन केबल ओढू नका, वीज जवळपास पडली तरी ती दोन्ही टोकांची यंत्रं जाळते. तिथं वायरलेस किंवा फायबर वापरा. आणि आभाळ कडाडायला लागायच्या आत राऊटरचा प्लग काढून ठेवायची घरची जुनी शिस्त मोडू नका.

पहिलं काय बसवावं?

आमच्याकडे आत्या आहे, वय ७८. चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात रात्री न्हाणीघराकडे जाताना परड्यातल्या ओल्या पायरीवरून ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दिव्याचं बटण पायरीच्या पलीकडं होतं. अंधारात पायरी उतरल्याशिवाय दिवा लागतच नव्हता. पन्नास वर्षं ते बटण तिथंच होतं आणि कुणाच्या मनात आलं नाही. हे सगळं मी सुरू केलं ते त्या रात्रीमुळं.

तेव्हा माझं उत्तर एकच आहे: रात्रीच्या वाटेवरचा दिवा. माजघराच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत तीन पीआयआर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारे) सेन्सर आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा, हालचाल दिसली की दिवे मंद, पिवळसर लागतात. झगझगीत दिवा एकदम लागला तर डोळे दिपतात आणि तोल जातो. सेन्सर माणसाच्या समोर न लावता बाजूला लावा. हा सेन्सर समोरून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्याला चटकन ओळखतो. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही. मांजरांमुळं दिवा लागू नये म्हणून सेन्सरची खालची पट्टी टेपनं झाका.

पहिल्या रात्री आत्यानं दारातूनच पाय बाहेर टाकला, दिवा लागला, तिनं पाय मागं घेतला. परत टाकला. मग मला हाक मारून म्हणाली, "मला बघून लागतंय व्हय रे हे?"

घरातल्या वयस्कर माणसांना जमेल का?

भिंतीवरचं बटण पूर्वीसारखंच चाललं तर जमतं. हा माझा पक्का नियम आहे: फोन, आवाज, सेन्सर हे सगळं वरचं. बटण दाबल्यावर दिवा लागलाच पाहिजे. फोनवरूनच दिवा लागेल अशी रचना ज्यांनी केली त्यांच्या घरात महिन्याभरात सगळं काढून ठेवलेलं मी पाहिलंय.

आवाजाच्या बाबतीत, गूगल असिस्टंटला फोनवर मराठी कळतं, अलेक्सासाठी हिंदी किंवा इंग्रजी बोलावं लागतं. आपलं 'लाईट घाल' त्याला उमजत नाही. बाहेरचे शब्द पाठ करायला लावण्यापेक्षा बिछान्याशेजारी एक झिग्बीचं बटण चिकटवून द्या.

गॅसची गळती ओळखणारा सेन्सर लावावा का?

लावा, पण प्रमाणित अलार्म विकत घ्या. एमक्यू मालिकेतला सुटा सेन्सर शिकायला ठीक आहे, जिवाची जबाबदारी त्याच्यावर टाकण्यासारखा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, म्हणून अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा. आणि गळती झाली की एक्झॉस्ट फॅन सुरू करायचं ऑटोमेशन चुकूनही करू नका. रिलेची ठिणगीच स्फोटाला पुरते. फक्त आवाज व्हावा, माणसानं रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात, कुठल्याच बटणाला हात लावू नये.

चुलीवर किंवा बंबावर पाणी तापवणाऱ्या घरात धुराचा अलार्म न्हाणीघरापासून लांब, झोपायच्या खोलीत लावा. नाहीतर रोज पहाटे वाजेल आणि चौथ्या दिवशी कुणीतरी सेल काढून ठेवेल.

उंदीर, मुंग्या, ओल?

माळ्यावरच्या तारा पीव्हीसी नळीतूनच न्या. बोर्डाची भोकं रबरी ग्रोमेटनं बंद करा, म्हणजे पाल आणि मुंग्या आत शिरत नाहीत. बाहेरचे डबे सीलबंद घ्या आणि केबल खालून आत न्या, वरून नको. पावसाळा संपला की मेन काढून सगळे स्क्रू एकदा आवळून घ्यायचे.

मी गावाला गेलो आणि काही बिघडलं तर?

मेन बोर्डच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा. कुठली एमसीबी कशाची, मॉड्यूल कुठं कुठं आहेत, मोटर थेट बटणावर कशी घ्यायची, फ्लोटची तार कुठल्या रंगाची. आमचा कागद मराठीत आणि कन्नडमध्ये आहे. शेजारची, कन्नड शाळेत शिकणारी मुलगी त्यासाठी माझ्याशेजारी बसली होती, कारण रात्री-अपरात्री येणारा वायरमन कुठल्या भाषेत वाचणारा असेल ते आधी सांगता येत नाही. मोटरीच्या ओळीखाली तिनं लाल पेनानं दोन रेघा मारल्या आहेत.